गिरणी, तलाव, धरण आणि चादरी

मीरा रोडच्या हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीला वर्षातून एकदा संस्कृतीची आठवण होते आणि मग सहल निघते. यंदाचं पत्रक ग्रुपवर आलं तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. वर मोठ्या अक्षरांत माझ्या गावाचं नाव, खाली गिरणीच्या चिमणीचा फोटो आणि चिमणीला गुलाबी दिवे. 'ऐतिहासिक कापडगिरणी, राजघराण्याचा तलाव, टेकडीवरची देवी, धरण, चादरींची खरेदी.' ज्या गावाचं नाव सांगितलं की मीरा रोडला लोक 'ते कुठं आलं?' म्हणून विचारत, ते आता बघण्याचं ठिकाण झालं होतं. त्याच चिमणीखाली माझ्या वडिलांनी तीस वर्षं साचे चालवले. मागाला गिरणीत साचा म्हणत.

वडील आता माझ्याकडेच असतात. त्यांना ऐकू येत नाही. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत. तिथे उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. पण ती माणसं गप्प नसत. आवाज न काढता, शब्द तोंडात मोठा करून समोरच्याला दाखवत आणि उरलेलं हातांनी सांगत. मिशीवरून बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. कानाची पाळी धरली की घरून निरोप आलाय. वडील अजूनही बरंचसं तसंच बोलतात. त्यावरून आमच्या मजल्याने त्यांना अर्धांगवायू झाल्याचं ठरवून टाकलं आहे. लिफ्टमध्ये लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात. समोर उभे राहा आणि तोंड नीट दाखवा, एवढंच हवं असतं, हे मी सगळ्यांना समजावून झालं. सगळ्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कानातच ओरडले.

वडिलांच्या शेजारचे दोन साचे त्यांचे एक जोडीदार चालवत. मी त्यांना काका म्हणत असे. बारावीनंतर वडील मला कॉलेजच्या प्रवेशासाठी मुंबईला घेऊन आले, तो आठवडाभर काकांनी स्वतःचे दोन आणि वडिलांचे दोन असे चार साचे सांभाळले. नियमात ते बसत नव्हतं. जॉबरने डोळेझाक केली. चौथ्या दिवशी एका साच्यातून धोटा सुटला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या सुतांमधून आडवं सूत नेणारा, टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा. सुटला की गोफणीतल्या दगडासारखा येतो. काकांचे पुढचे दोन दात गेले. साचा वडिलांचा होता.

मला प्रवेश मिळाला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवी घेतली, भाईंदर पश्चिमेच्या शाळेत नोकरीला लागले, आणि इतक्या वर्षांत एकदाही काकांसमोर जाऊन उभी राहिले नाही. 'ती कामात असते,' असं वडील त्यांना पोस्टकार्डावर लिहीत राहिले. या दोघांना फोनचा उपयोग नाही. एकदा व्हिडिओ कॉल करून पाहिला. काकांच्या सुनेने फोन असा धरला की आम्हाला कपाळ आणि पंखाच दिसला. मग चित्र अडकलं. वडिलांनी फोन माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "यात तोंड शिळं येतं."

पत्रक दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तुला एकदा त्याच्यापुढे उभी करायचीय. तेवढं राहिलंय." मी हो म्हणाले. काकांच्या सुनेला कळवलं की शनिवारी दुपारी आम्ही गिरणीवर येतोय.

काशीमीऱ्याला ट्रकांच्या धुरात बस उभी होती. सोसायटीचे सेक्रेटरी दारातच यादी घेऊन उभे. "आइए टीचर! अंकलना खिडकी दिलीये, एकदम व्हीआयपी!" मग वडिलांच्या कानात, "अंकल! खिडकी!" वडील त्यांच्या यादीकडे बघून हसले.

घाट आला तेव्हा सगळ्यांनी पडदे ओढून घेतले, कारण टीव्हीवर ऊन पडत होतं. ज्यांना बाहेर बघायचं नव्हतं ते एवढ्या लांब बघायला काय चालले होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाकऱ्याचे डबे फिरले, अंताक्षरी झाली, आणि टेकडीवरच्या देवीला पायऱ्या किती यावर इतका वाद झाला की शेवटी देवीच रद्द करण्यात आली.

गिरणी म्हणजे आता हॉटेल आहे. वाइंडिंग खात्यात, जिथे बायका दिवसभर उभ्या राहून सूत गुंडाळत, तिथे जेवणाचा हॉल. छताला बॉबिनींचे दिवे. जिथे कामगारांची झडती होत असे त्या दरवाजात 'सेल्फी पॉइंट' लिहिलेली चौकट. साचेखात्याचा एक कोपरा तेवढा ठेवलाय. चार साचे, भोवती मखमली दोरी. गाइड म्हणून कानाला माइक लावलेला एक तरुण होता. त्याने सांगितलं की मालक फार कडक होते, कामावर बोलायला बंदी होती, म्हणून बिचारे कामगार खुणांची भाषा शिकले.

"बंदी नव्हती," मी म्हणाले. "ऐकूच येत नसे."

"मॅडम, प्रश्न शेवटी."

त्याने बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला. लोकांनी कानांवर हात ठेवले, 'बाप रे' म्हणाले, मोबाइल वर केले. वडील दोरी ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी साच्यावर तळवा ठेवला. मग माझ्याकडे वळून, स्वतःचा आवाज किती मोठा लागतो याची कल्पना नसलेल्या माणसासारखं मोठ्याने म्हणाले, "बंद आहे हा!"

खरंच बंद होता. मोटर कधीच काढून नेलेली. आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधून येत होता. चाळीस धडधाकट कानांच्या माणसांना ते कळलं नाही.

"अंकल, फील करो ना, फील!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

काका गिरणीत कुठे दिसले नाहीत. त्यांची चाळ गिरणीच्या मागे. तिकडे उघडणारा जुना दरवाजा विटांनी बुजवलाय, त्यामुळे आता मोठा वळसा घालून जावं लागतं. जेवणाच्या हॉलमध्ये वडील ताटाला हात न लावता माझ्याकडे बघत बसले होते. मी सेक्रेटरींकडे गेले.

"अर्धा-पाऊण तास हवाय. वडिलांचे एक मित्र मागच्या चाळीत राहतात."

"टीचर, दीडला बोटिंगचं बुकिंग आहे. एका माणसासाठी एवढ्या लोकांना थांबवू? तुम्हीच सांगा, तुम्ही शिस्तीच्या माणूस."

"परत येताना?"

"परत येताना चादरी."

आणि मी 'बरं' म्हणाले. मी वेळेवर येणारी, रांगेत उभी राहणारी, परवानगी मागणारी बाई आहे. याच गुणांवर शिकले, याच गुणांवर नोकरी टिकवली. लहान गावातून आलेल्या मुलीला हे गुण फार उपयोगी पडतात. त्या दुपारी मला त्यांचा मनस्वी तिटकारा आला, पण तो येऊनही मी वडिलांचा हात धरून त्यांना बसमध्येच नेऊन बसवलं. संध्याकाळी सगळे चादरी घेत असतील तेव्हा रिक्षा करून येऊ, असं त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून घेतली. ऐकू न येणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं की पुढे काही बोलता येत नाही.

दीड वाजून गेला तरी बस हलली नाही. सेल्फी पॉइंटवर गेलेले आठ जण परतले नव्हते. ज्या शिस्तीपुढे मी मान तुकवली ती एवढीच होती.

तेवढ्यात वडील उठून उभे राहिले आणि त्यांनी खिडकीच्या काचेवर थाप मारली. रस्त्यापलीकडे फाटकाजवळ काका उभे होते. धुतलेला सदरा, हातात काठी, अंगाने पार वाळलेले. नंतर कळलं, ते बारापासून तिथे होते. तिकीट नाही म्हणून रखवालदाराने त्यांना आत सोडलं नव्हतं.

बसची काच उघडत नव्हती, पण या दोघांना त्याने काही फरक पडला नाही. काकांनी काठी काखेत धरली आणि हात मोकळे केले.

"आतल्यांनी घेतलं नाही," काकांचे ओठ म्हणाले. दात नसल्याने त्यांचे शब्द कडेने फुटत, पण वडिलांना ते वाचायची सवय होती. मलाही लहानपणीचं थोडं उरलं होतं.

"तिकीट काढायचं."

"इथे गेलेल्या दातांत भागवून घ्या म्हटलं."

वडील एवढ्या मोठ्याने हसले की पुढच्या सीटवरच्या भाभी दचकल्या. "टीचर, अंकल को कुछ हुआ क्या?" मागून कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. सेक्रेटरी धावत आले आणि अर्थातच वडिलांच्या कानात ओरडले, "अंकल! बैठ जाइए!"

काका खिडक्यांवरून नजर फिरवत होते. त्यांनी विचारलं, "कुठाय ती?"

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. थंड बसमध्ये, मांडीवर पर्स घेऊन बसलेली चाळिशीची बाई. त्यांनी डोळे बारीक केले, हात कपाळाशी नेला, आणि मग सावकाश, मला नीट कळावं म्हणून एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "एवढी शिकली. आणि बसून बघते?"

मी उठले. वरच्या फळीवरून आमची पिशवी काढली.

"आम्ही उतरतोय," मी सेक्रेटरींना म्हणाले.

"अहो, असं मधेच? नंतर बस थांबणार नाही हां. जबाबदारी तुमची!"

"माझीच आहे."

"बोट मिस कराल!"

त्या तलावात मी पोहायला शिकले, म्हशींबरोबर. मी त्यांना ते सांगितलं नाही. वडिलांना हाताला धरून पायरी उतरवलं. मागे दार फस्सकन बंद झालं. रस्ता ओलांडेपर्यंत वडील माझ्या पुढे निघून गेले होते.

दोघे गळाभेट वगैरे काही घेईनात. वडिलांनी काकांचा सदरा चिमटीत धरून कापड पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. काकांनी वडिलांच्या शर्टाचं तेच केलं. मग वडिलांनी मला खांद्याला धरून समोर उभं केलं. मी पाया पडले आणि उभी राहून बोलायला लागले, इतक्या वर्षांचं एकदम, की यायला हवं होतं, जमलं नाही, आणि तुमच्यामुळेच मी…

काकांनी हात हलवून मला थांबवलं. त्यांना काही कळत नव्हतं. मी खाली मान घालून बोलत होते.

त्यांनी माझी हनुवटी वर केली. "तोंड दाखव. आवाज नको."

मग मी आवाजाशिवाय सांगितलं. हळू, शब्द मोठा करून. "तुमच्यामुळे शिकले."

त्यांनी ते ओठांवरून वाचून मान हलवली. मग विचारलं, "कितवीला शिकवतेस?"

मी सात बोटं दाखवली.

काका वडिलांकडे वळले. "सातवी!" ते म्हणाले. "मी सातवीतच नापास. मास्तरीण उशिरा आली."