पोळपाटाची खालची बाजू

चूक माझी होती, आणि ती मी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एकदाच डोकावून केली.

अमेरिकेत, बॉथेलला आमच्या समोर एक क्रोएशियन गृहस्थ राहतात. पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी घरं, दुकानं, पोलीस ठाणी उभी केली. आता त्यांना स्वतःचा पहिला सिनेमा दिग्दर्शित करायचा होता. गोष्ट परदेशात राहणाऱ्या एका मराठी विधवेची. त्यासाठी आमचं स्वयंपाकघर चार दिवस हवं होतं. बायकोने लगेच हो म्हटलं.

मला ते खटकायचे. येऊन भिंतीवरचे तेलाचे डाग मोजायचे, हळदीच्या डब्याचे फोटो काढायचे.

"एवढं काय बघतो हा?"

"कामच आहे त्यांचं," बायको म्हणाली. "तू कधी बघितलास तो डबा?"

मग त्यांनी आईचा पोळपाट मागून नेला. तिच्या वस्तूंपैकी तेवढाच मी इकडे आणला होता. तापलेला तवा टेकल्याचा काळा डाग अजून त्यावर आहे. आठवड्याने त्यांनी तो परत दिला.

शूटिंग सोमवारी सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्यांचं गॅरेज उघडं दिसलं. टेबलावर आईचा पोळपाट. तोच डाग. धावत घरात आलो, तर ओट्यावरही एक.

"हा इतका चकचकीत कधी होता? खरा त्याने ठेवून घेतला."

"तेल लावून दिलाय. विचार ना त्यांना, यार."

विचारलं नाही. शूटिंग कॅन्सल असा मेसेज टाकला. वर, त्यात काम करायला तयार झालेल्या इथल्या मराठी मंडळातल्या तिघांना कळवलं: जपून, हा माणूस वस्तू बदलून देतो. रविवारपर्यंत तिघंही गळाले. संध्याकाळी शेजारी दारात आले. "माझं काही चुकलं का?" मी ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलं. मुख्य नटीच्या तारखा गेल्या आणि सिनेमा तिथेच थांबला.

दोन महिन्यांनी बायको पोळ्या लाटताना म्हणाली, "आई याच्या एका पायाखाली कागदाची घडी ठेवायच्या. अजून तसाच डुगडुगतो बघ." मी हात लावून पाहिलं. डुगडुगत होता.

तसाच समोर गेलो आणि गॅरेजमधला पोळपाट बघायला मागितला. त्यांनी तो उलटा करून हातात दिला. खाली साधं प्लायवुड, पाय नाहीतच.

"गोष्टीत तो फुटतो," ते म्हणाले. "तुमच्या आईचा कसा फोडणार? आणि कॅमेऱ्याला खालची बाजू दिसत नाही, म्हणून ती केली नाही."

आजही वाटतं, त्यांनी मला तेव्हा दोन शब्द सुनावायला हवे होते. मी तिघांना पाठवलेला मेसेज फोनवर उघडला आणि शब्द न शब्द त्यांना सांगितला. मग म्हणालो, "तुम्हाला एक शब्द न विचारता मी चोर ठरवलं. ऑफिसचं कारण खोटं होतं. तुमचा सिनेमा माझ्यामुळे बुडाला. मला माफ करा."