शून्य कोणाले तरी द्याच लागते

मंडळी, आज अमरावतीच्या आमच्या ऑफिसात पाच जणांचं अप्रेझल झालं. साहेबांनी मले बोलावलं. "सगळेच चांगले, असं चालत नाही. शून्य ते दहा, सारख्या अंतरानं गुण पसरवून दे."

मी कोडची एक ओळ लिहिली. सुरुवात शून्य, शेवट दहा, आकडे पाच. निघाले शून्य, अडीच, पाच, साडेसात, दहा. मग कामाच्या क्रमानं नावं लावली. पहिल्या नि शेवटच्याच्या कामात केसाएवढा फरक होता, पण आकड्यांत दहाचा झाला.

शून्य आलं बडनेऱ्याहून येणाऱ्या वैशालीताईले. शून्यवाल्याचं कंत्राट वाढत नाही.

"भाऊ, काय चुकलं माहं?"

"काहीच नाही ताई. शेवटी कोणी तरी असतेच."

ती टेबल आवरून राहिली होती, मी चहा पिऊन राहिलो होतो. वाईट वाटलं काय? नाही ना बाप्पा, मी साडेसातवर आहो.

त्या ओळीत एक टोक गाळायची सोय आहे. पण गाळता येते ते वरचं, दहाचं. खालचं शून्य राहतेच.

तुमच्या ऑफिसात यंदा शून्यावर कोण आहे? कोणीच दिसत नसेल, तर सोताचा आकडा पाहून घ्या.