पत्र्यांवरून आलेली बस

बाबांचा डावा कान गेला तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, "एक स्पेअर होता. संपला."

मी कर्वेनगरला एका छोट्या कंपनीत आवाजाची दिशा शोधायचं काम करते. ओळीनं मायक्रोफोन बसवायचे. आवाज कुणाला आधी पोचला, कुणाला नंतर, त्या एवढ्याशा फरकावरून तो कुठून आला ते काढायचं. आपले दोन कानही तेच करतात. म्हणून मी बाबांना बजावलं, "आवाज ऐकू येईल, दिशा कळणार नाही. एकट्यानं रस्ता ओलांडायचा नाही."

"जन्मभर काय तुझ्या मशीनला विचारून ओलांडला?"

धायरीत आमच्या सोसायटीपलीकडे चहाची टपरी आहे. तिथं त्यांचे मित्र जमतात. त्यांच्यासमोर मुलीचा हात धरून जायचं? छे. मोतीबिंदूमुळे लांबचंही धूसर दिसायचं, पण हट्टाला औषध नसतं. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. कडेला उभं राहून मान हळूहळू फिरवायची. आवाज जिकडे मोठा, तिकडून गाडी. मी चिडले, पण मनातून कौतुक वाटलं. एकच मायक्रोफोन असला की आम्हीही तो असाच फिरवतो.

मग रस्त्याचं काम निघालं आणि उजव्या हाताला उंच पत्रे ठोकले गेले. पत्र्यावर आपटून परतलेला आवाज आम्हालाही छळतो. तो मूळ आवाजापेक्षा मोठा भरला, की लाखांचं यंत्रसुद्धा बेधडक उलटी दिशा दाखवतं. त्या सकाळी बाबांनी मान फिरवली. बस उजवीकडून येतेय असं ठरवलं, उजवीकडे पाहिलं, जवळ काही दिसेना, म्हणून निघाले. बस डावीकडून आली.

जीव वाचला, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता आधाराशिवाय चालणं विसरा. टपरीवरचे मित्र दोनदा येऊन गेले.

त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे, चांगला कान भिंतीकडे. सुरुवातीला मी दारातून हाक मारली की ते भिंतीकडे वळून बघायचे. मग मला शोधत मान इकडे आणायचे आणि ओशाळून हसायचे. ते हसू बघवत नसे. यंत्र चुकलं तर मी दुरुस्त करते. इथं नुसती दारात उभी राहायचे, आणि मला स्वतःचाच संताप यायचा.

आता ते मानच वळवत नाहीत. हाक मारली की छताकडे बघत म्हणतात, "बोल गं. कुठूनही बोल."