मढ्यांच्या फौजेचे डोळे

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे लिहिताना ते निम्मं मीच गाळून टाकलंय. तेव्हा उरलं ते सगळं धरून चाला.

नव्वदच्या दशकात मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती कुणीही मळेल, साचा कुणीही भरेल, पितांबरही कुणीही पिवळं करेल. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि एकाच हातचे. माझा हात असा होता की मी आखलेल्या मूर्तीसमोर गिऱ्हाइकाला घासाघीस करायची लाज वाटायची. एकदा फळीवर वाळत ठेवलेल्या माझ्या एका गणपतीने कारखान्यात शिरलेलं मांजर नुसत्या नजरेने बाहेर काढलं होतं. मालक साक्षीला होते. आता ते नाहीत, म्हणून तुम्हाला विचारता येणार नाही.

ती पहिल्यांदा आली ती वडिलांबरोबर, मूर्ती ठरवायला. रोह्याजवळच्या वरसे गावातली. धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. वडील मालकांशी सोंडेवरून वाद घालत होते, तेवढ्यात तिने पर्समधून कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी काढली आणि माझ्या पाटावर उपडी केली. आतून अंगठ्याएवढा सांगाडा पडला. करड्या प्लास्टिकचा, हातात तलवार, दुसऱ्या हातात फुटकी ढाल, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा.

"याला रंगवाल?"

"कोण हा? नात्यातला?"

"माझा शिपाई. अशी पेटीभर हायेत."

"उपाशी ठेवता वाटतं शिपायांना."

"मेलेल्याला जेवण लागत नाय," ती म्हणाली. "म्हणून तर ते जिंकतात."

तिचा मामा बोटीवर होता. कुठल्याशा बंदरातून त्याने भाचीसाठी ही पेटी आणली होती. पेटीत मढ्यांची अख्खी फौज, फासे, आणि इंग्रजीतलं नियमांचं जाडजूड पुस्तक. दोघांनी समोरासमोर फौजा मांडून लढायचं. कुणी किती सरकायचं ते टेपने मोजायचं, कोण पडलं ते फाशावर ठरवायचं. तिच्यासमोर बसायला मात्र उभ्या रोह्यात कुणी नव्हतं.

मी बसलो. गणपती पाण्यात गेले की आमच्या हातांना सुट्टी असते. मग दर रविवारी मी एसटीने वरसे गाठायचो. तिच्या घरच्या माडीवर आमचं रणांगण होतं. कौलांचे किल्ले, पेंढ्याची झाडं, आणि बर्फासाठी मी पेणच्या मिठागरातून नेलेलं जाडं मीठ. माझी फौज उंदरांची. गणपतीबरोबर एकच उंदीर जातो, पण साच्यातून ते कायम जास्तच निघतात. मी त्यांना खराट्याच्या हिरांचे भाले दिले, डबा कापून चिलखतं घातली, आणि अशी पलटण उभी केली की दिल्लीला पाठवली असती तर सरकारने ठेवून घेतली असती.

"माझ्या उंदराने तुझ्या सेनापतीची नडगी कुरतडली," मी म्हणायचो. "तो आता लंगडत चालणार."

"पुस्तकात नडगीचा नियम नाय."

"पुस्तक लिहिणाऱ्याने पेणचा उंदीर पाहिलेला नाय."

"उंदीर गप बसतील, पण तू बसशील तर शप्पत," ती म्हणायची आणि फासा टाकायची. तिचं पडलेलं मढं फाशावर दान चांगलं पडलं की पुन्हा उठायचं. माझा उंदीर एकदा पडला की पडला. मी एकदाही जिंकलो नाही.

दार सताड उघडं. तिची आई उंबऱ्यात बसून भिजवलेले वाल सोलायची आणि अर्धं लक्ष आमच्यावर ठेवायची. "गो, तुझी मढी उचल आता, पानं मांडायचीत," असं म्हणाली की लढाई संपली. मग मीही पानावर असायचो. त्या घरात मला 'गणपतीवाला' म्हणत.

रंगवायचं काम मी मुद्दाम रखडत ठेवलं होतं. एका सांगाड्याला हाडाचा पिवळट रंग द्यायला मी महिना लावायचो. ताजमहालाला लागला नसेल एवढा वेळ मी एका बरगडीला लावला. फौज रंगवून झाली तर रविवारी काय म्हणून जायचं? दोन वर्षांत बाकी सगळं झालं, डोळे तेवढे राहिले. आमच्या धंद्यात ते शेवटीच असतात, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

दिवाळीनंतर ती एकटीच कारखान्यात आली. पेटी पाटावर ठेवली.

"रविवारी पाहुणे येतायत. पुण्याचा मुलगा हाय, इंजिनिअर."

मी ब्रश धुवत राहिलो.

"मला नाय जायचं," ती म्हणाली. "तू यांना डोळे काढ. असे काढ की बघणारा चपला न घालताच पळेल. मी सगळी फौज पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये लावते. असली पोर कोण सून करून नेईल?"

"आणि बाबा?"

"बाबांना सांगते, मामाची भेट हाय, पाहुण्यांना दाखवायची."

मला नाय जायचं, एवढंच ती म्हणाली. कुणासाठी नाही जायचं, ते मी माझं मीच जोडून घेतलं. त्या आठवड्यात मी पेण गावातून चाललो नाही, गावावरून चाललो.

डोळे आखायला घेतले. मनात होती नुसती दहशत. खोबणीत आग, आगीत रक्त, बघणाऱ्याची बोबडी वळावी. पण एवढ्या वर्षांचा हात. वरची पापणी तो एका दमात वळवतो, खालची तिला अलगद नेऊन भिडवतो, बुबुळ ठेवतो, कोपऱ्यात लालसर छटा, आणि शेवटी पांढरा ठिपका, टोकाला एकच केस उरलेल्या ब्रशने. आखणारा इतका जवळ बसलेला असतो की त्याला डोळा दिसतो, चेहरा दिसत नाही. प्रत्येक डोळा मला खास जमलेला वाटला. मी म्हटलं, पुण्यापर्यंत पळतील.

रविवारी सकाळी पेटी घेऊन मी वरशाला गेलो. शोकेसमध्ये फौज आम्ही दोघांनी मिळून लावली. ती घाईत होती, साडीच्या निऱ्या सारख्या करत होती, डोळ्यांकडे तिने नीट पाहिलंच नाही. पाहुणे आले. आईने स्वयंपाकघरातून माझ्या हातात पोह्यांच्या बशा दिल्या. घरचाच होतो ना.

मुलाची आई बसता बसता थांबली. शोकेसकडे गेली. तिने चष्मा चढवला आणि काचेला नाक लावलं. मी बशा धरून भिंतीला टेकलो. मनात म्हटलं, आता किंकाळी.

"अगं बाई," मुलाची आई म्हणाली. "किती मायेनं बघतायत सगळे. कुणी आखले हे डोळे?"

"आपले पेणचे हायेत ना," मुलीच्या वडिलांनी छाती फुगवून माझ्याकडे बोट केलं. "हे काय, पोहे घेऊन उभे."

"हात असाच राहू दे हो बाबा," ती बाई मला म्हणाली, आणि बशी घेतली.

तेवढ्यात मुलगा उठला. शोकेस उघडून एक सांगाडा त्याने बुडाशी धरून उचलला, कसा धरायचा ते माहीत असल्यासारखा. कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी वर्षभर विलायतेला पाठवलं होतं. तिथे दर शनिवारी एका दुकानाच्या मागच्या खोलीत तो हाच खेळ खेळायचा.

"फौज कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी," ती म्हणाली.

"पडलेला उठवता कितीवर?"

"पाचवर."

"चारवर. नव्या पुस्तकात बदललंय."

"कायतरीच. दाखवा."

त्याने पँट गुडघ्याशी वर ओढली आणि खाली सतरंजीवर बसला. मोठी माणसं देण्याघेण्याचं बोलायला निघाली होती, ती तशीच बघत राहिली. समोरची फौज पाहिजे म्हणाला, तर ती स्वतः माडीवर गेली आणि माझे उंदीर घेऊन आली. तो त्यांना हसला नाही. चिलखताला बोट लावून "हे छान केलंय" म्हणाला. माणूस जरासा नालायक असता तर माझी केवढी सोय झाली असती.

रिकाम्या बशा उपड्या घालून त्यांनी डोंगर केले. माझ्या उंदरांनी, दोन वर्षांत एकदाही न जिंकलेल्या माझ्या उंदरांनी, त्याच्या हाताखाली तिची फौज शोकेसपर्यंत मागे रेटली. आणि ती हरताना हसत होती. चिडून नाही. खांदे हलवून, तोंडावर पदर न घेता, समोर कुणी आपल्या तोडीचं आल्यावर माणूस हसतं तशी. तसं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. सगळी मढी सतरंजीवरून तिच्याकडे बघत होती, आणि कशी बघत होती ते मुलाच्या आईने मघाशीच सांगितलं होतं.

चार दिवसांनी ती कारखान्यात आली. माझ्यासमोरच्या पाटावर बसली.

"हे काय डोळे काढलेस?"

"हातानं काढले."

"त्यांचा होकार आलाय."

"असं?"

"बाबांनी मला विचारलंय. उद्या सांगते म्हटलं." तिने पाटाजवळची रंगाची वाटी उगाच सरळ केली. "माणूस वाईट नाय."

"नाय. वाईट नाय."

"तुला कायतरी बोलायचंय का?"

आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. माझं बोलणं लोक थांबवत आले होते. मी तोंड उघडलं, आणि निघालं ते असं: मागच्या साली अलिबागच्या एका गिऱ्हाइकाने माझ्या हातची मूर्ती एसटीतून नेली. वडखळ नाक्यावर मूर्तीने स्वतः घंटी ओढली. ड्रायव्हर घामाघूम. मूर्ती म्हणते, गाडी मागे घे, ज्याने डोळे दिले त्याचा निरोप घ्यायचा राहिलाय. कंडक्टर म्हणतो, देवा, तिकीट पुढचं काढलंय. मी हातवारे करून, ड्रायव्हरचा आवाज काढून, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. हसायच्या जागी हसली पण.

"मग?" तिने विचारलं. "आला तो मागे?"

"नाय," मी म्हटलं. "मुहूर्त टळत होता. पुढे गेला."

"व्हय," ती म्हणाली.

मग तिने साडीला लागलेली मातीची धूळ झटकली, "येते" म्हणाली, आणि रोह्याच्या गाडीची वेळ झाली होती म्हणून भराभर चालत गेली.