सोन्यावर चिकटलेला टायफॉइड

घोटीला आत्याकडच्या लग्नाला गेले आणि येताना टायफॉइड घेऊन आले. घरचे हैराण. आनंद झाला तो एकट्या आमच्या मॅडमना. बरी होऊन नाशिकला कॉलेजच्या लॅबमध्ये पाऊल ठेवलं, तशा त्या म्हणाल्या, "ये, बस. हात पुढे कर."

त्यांना माझं रक्त हवं होतं. दोन हजारनंतरची ती वर्षं. मॅडम माझ्या पीएच.डी.च्या गाइड आणि आमचा विषय सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स. नाव भारदस्त, पण गोष्ट समजायला सोपी. काचेच्या लोलकावर सोन्याचा इतका पातळ थर, की पलीकडचं दिसावं. काचेच्या बाजूने त्यावर लेझर सोडायचा. एका ठरावीक कोनात परतणारा उजेड एकदम मंद होतो. सोन्याला काही चिकटलं की तो कोन सरकतो आणि कॉम्प्युटरवर रेघ वर चढते. मॅडमनी सोन्यावर टायफॉइडच्या जंतूचं प्रथिन बसवलं होतं. माझ्या रक्तातली टायफॉइडशी लढणारी प्रतिपिंडं त्याला येऊन चिकटली, की यंत्र जमलं. कोन मोजायची तबकडीसुद्धा त्यांनी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून घडवून घेतली होती.

अनुदान मार्चअखेर संपत होतं. ते वाढवायचं की लॅबला कुलूप लावायचं, हे ठरवायला बाहेरून तज्ज्ञ आले. कुलूप लागलं असतं तर माझी पीएच.डी. अर्ध्यावरच राहिली असती. मॅडमनी माझं सीरम, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, सोन्यावर सोडलं. रेघ सरसर चढली. प्रमुख तज्ज्ञ खूश होऊन उठले. "वा, झालं की. चला, चहा घेऊ."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा सर. अजून धुवायचंय."

नळीतून सोन्यावर एरवी मिठाचं पाणी वाहत असतं, आणि सीरम त्यापेक्षा दाट असतं. नुसत्या दाटपणानंही रेघ चढते. या कामात भलेभले इथेच फसतात, चढती रेघ पाहून पेढे वाटून मोकळे होतात. धुतल्यावर जे उरतं तेच खरं चिकटलेलं. पण पाहुणे खुशीत उठलेले असताना हे कोण सांगायला जातं? मॅडमनी सांगितलं.

त्यांनी मिठाचं पाणी सोडलं. रेघ उतरायला लागली. उतरली, आणखी उतरली. तळाच्या जेमतेम बोटभर वर ती थांबली.

"एवढंच?" त्या प्रमुख साहेबांनी विचारलं.

"एवढंच, सर. बाकीचा नुसता दाटपणा होता."

साहेब परत खुर्चीत बसले. "टायफॉइड न झालेल्या कुणाचं रक्त आहे?"

मॅडमनी स्वतःच्या सीरमची कुपी आधीच काढून ठेवली होती. त्यांचीही रेघ तेवढीच चढली आणि धुतल्यावर थेट तळाला गेली. म्हणजे माझ्या रेघेत उरलेलं बोटभर खरोखर टायफॉइडचंच होतं. तेव्हा कुठे साहेब हसले.

अनुदान पुढे वाढलं. पण ते ठरायच्या कितीतरी आधी, माझी रेघ खाली खाली येत असताना, मी मॅडमकडे बघत होते. त्यांचा हात नळीवर स्थिर होता. लॅब गेली तरी चालेल, पण शिकायचं ते याच बाईकडे, असं मला तेव्हाच वाटून गेलं.