पुस्तकात बोट घालून बसलेली बाई

वेंगुर्ला-मालवण एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. चाळिशीची, उंच, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, नखांत काळं ऑईल. बोटींची इंजिनं दुरुस्त करते म्हणाली. मांडीवर प्रेमाची कादंबरी होती, पण मधे बोट घालून मिटलेली.

"ताई, हिरोइन कशी आसा?" मी विचारलं.

"ट्रक चालवता. हिरो तिच्यापेक्षा ल्हान."

मी लगेच घोगरा आवाज काढला, "प्रिये, माझ्याशी लग्न करशील?"

"गप रे. तीच विचारता तेका. म्हणता, लग्न करूया, पण माझा काम मी सोडूचंय नाय. तूच माझ्या गावाक ये."

"मग तो काय म्हणता?"

"पान उलटूक नाय अजून. आज मालवणात मी पण एकाक ह्याच सांगूक जातंय. आधी माझो काय म्हणता ता ऐकतंय."

मालवणपर्यंत तिने बोट काढलं नाही. मीही गप्प बसलो, आणि हे माझ्या घरात कोणाला खरं वाटत नाही.

स्टॅंडवर तो उभा होता, गळ्यात मापाची टेप तशीच. ती उतरली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. त्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वेंगुर्ल्यात टेलर किती आसत?" त्याने विचारलं.

तिने पुस्तकातलं बोट काढलं. "घे, तूच वाच आता," म्हणत पुस्तक माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी ते पान उलटलं. हिरो दोन पानं बोलतो. टेलर बरा.