बिनकामाचा फोन

कासलबार या आयरिश गावातल्या भूलबाईंनी मला तारलं, हे आधी लिहून टाकतो. काय झालं ते मागाहून. भूलबाई म्हणजे तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या डॉक्टरीणबाई. खरं नाव भारदस्त होतं, पण मराठी मंडळी पाठीमागे भूलबाईच म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. निरोप घेताना कुणी "टचमध्ये राहू या हं" म्हणालं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "टचमध्ये? मी काय मोबाइलची काच आहे?" समोरच्याचं हसू तिथंच सुकायचं.

मी नववीतून शाळा सोडलेला. भांडी घासत घासत स्वयंपाक शिकलो आणि परमिटवर इथल्या एका रेस्टॉरंटात आचारी म्हणून आलो. पुढे स्वतःचं काम करायची मुभा मिळाली, तेव्हा घरोघरी जाऊन रांधायला लागलो. बारसं, वाढदिवस, गणपती. आचारी मीच, ड्रायव्हर मीच, आणि कुणाचा फोन आला नाही की फोन चालू आहे ना हे बघणाराही मीच. एका हिवाळ्यात फोन वाजायचा जवळजवळ थांबलाच. जुना मालक दुकानात भेटला की खांद्यावर हात ठेवायचा. "दरवाजा खुला है तेरे लिए, बेटा." त्या 'बेटा'ची मला शिवीपेक्षा जास्त धास्ती होती. पुन्हा ते तळघर, तो तंदूर आणि तो म्हणेल तेवढे तास.

त्याच सुमारास लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिप कारखान्यातल्या एका इंजिनिअरनं मला शहाणं करायचं मनावर घेतलं. त्याच्या मुलाच्या वाढदिवसाचं जेवण मी केलं होतं. "दादा, तुमचं नेटवर्किंग झीरो आहे. कॉन्टॅक्ट्स वॉर्म ठेवायला पाहिजेत, यार." वॉर्म! मला वाटलं विचारावं, वर झाकण ठेवू का? पण शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी मान डोलावली आणि रोज सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना गुलाबाचं चित्र धाडू लागलो. वर सुविचार, खाली माझा नंबर.

त्यानंच मला एका हॉटेलातल्या 'बिझनेस ब्रेकफास्ट'लाही पाठवलं. काय ती माणसं! विमेवाला वेबसाइटवाल्याला विमा विकत होता, वेबसाइटवाला विमेवाल्याला वेबसाइट, आणि यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारा एक जण दोघांना यश विकत होता. विकत घ्यायला आलेला एकही नाही. हातात हात देताना डोळे माझ्या खांद्यावरून दारात कोण येतंय तिकडे. मी खिसाभर कार्डं घेऊन परतलो. त्यांतल्या एकाही माणसाला मी काय रांधतो हे ठाऊक नव्हतं आणि मला त्यातला एकही चेहरा आठवत नव्हता. याला म्हणे संबंध जोडणं म्हणतात.

भूलबाईही गिऱ्हाइकांतल्याच; त्यांनी आठवडाभर गुलाब सोसले. मग फोन आला. "काय रे, ते फूल माझ्यासाठी असतं की तुझी भीती घालवायला?"

मी गॅस बारीक केला.

"गावाला एकच फूल वाटतोस, मग त्यात माझं काय? दोन ओळी विचारल्या असत्यास की मॅडम, पाठ कशी आहे. गेल्या खेपेला मी खुर्ची धरून उठले होते, बघितलं नव्हतंस?"

"बघितलं होतं, मॅडम."

"मग सुविचार कसले पाठवतोस, मूर्खा?" आणि फोन बंद. त्या निरोप घेतच नसत. स्वतः मात्र अधूनमधून, काही काम नसताना, फोन करायच्या. "आईचा गुडघा?" "बरा आहे." "ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत 'छान'. की फोन ठेवला. एवढ्यावर मी दिवसभर जरा ताठ चालायचो.

मग एक दिवस गावच्या रेडिओवर मयतांची नावं वाचत होते. इथं लोक ती हवामानासारखी कान देऊन ऐकतात. त्यात टॉमचं नाव आलं. टॉम आणि ब्रीडा हे माझं पहिलं आयरिश गिऱ्हाईक. ब्रीडाच्या बहिणी, भाच्या, शेजारी, सगळ्यांकडे मी तिच्यामुळे पोचलो होतो. ते घर तुटलं असतं तर मला तळघराचाच रस्ता होता. इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "हात जोडलेला इमोजी टाका. महिन्यानं फॉलोअप करा." महिन्यानं फॉलोअप, जणू टॉम रजेवर गेला होता!

मी भूलबाईंना सांगितलं की जायची हिंमत होत नाही. कुणी बोलावलेलं नाही, आणि मयताच्या घरी गिऱ्हाईक हुडकत आला म्हणतील.

"कोण म्हणेल? नवरा पेटीत झोपलाय आणि ती बाई तुझ्या धंद्याचा विचार करत बसलीय होय? फार मोठा समजतोस स्वतःला. अरे, इथं मयताला कुणी बोलावत नाही, आणि जो येत नाही तोच लक्षात राहतो. काळा कोट आहे का? नसला तर निळा घाल. मी येते गाडी घेऊन."

निघण्याआधी मला एकच सुचलं. आमच्याकडे अशा घरात शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. मी मोठं पातेलंभर मसालेभात केला. भूलबाईंनी पातेल्याकडे बघितलं. "कार्ड चिकटवलं नाहीस ना याला?"

"नाही हो, मॅडम."

"मग घे."

रांग घराबाहेर गल्लीपर्यंत होती. भूलबाई कानाशी पुटपुटत होत्या, "हात हातात घे, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हण आणि पुढे सरक. भाषण नको." माझी पाळी आली. तेवढे चार शब्दही मी विसरून गेलो. ब्रीडानंच माझा हात धरला. म्हणाली, "टॉमला तुझा तो पिवळा भात फार आवडायचा." मी तिथंच रडलो. मागून भूलबाईंनी कोपरानं ढोसलं, "पुढे हो, लोक खोळंबलेत." पण त्यांचाही आवाज बसला होता.

त्यानंतर मी ब्रीडाला धंद्याचं अवाक्षर बोललो नाही. दोनदा सहज चौकशी केली, तेवढीच. मग तिचाच फोन आला. इथं माणूस गेल्यावर महिन्यानं प्रार्थना होते, आपल्या मासिक श्राद्धासारखी. त्या प्रार्थनेनंतरचं जेवण मीच करावं, असं तिचं म्हणणं. त्या जेवणाला आलेल्यांनी मला पुढची बोलावणी दिली. काही सुखाची, काही दुःखाची. जुन्या मालकाचं दार अजून उघडंच असेल. थंडी आत येत असेल, बिचाऱ्याला.

भूलबाई निवृत्त होऊन सांगलीला परतल्या. थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, दोघीच घरात. निरोपसमारंभाचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "केक आणलास तर तुझ्याच तोंडाला फासेन." विमानतळावरही कुणाला येऊ दिलं नाही. आता मी फोन करतो. त्या विचारतात, "काय काम?" मी म्हणतो, "काही नाही." "बरं," म्हणतात, आणि बहिणीनं आज किती खाल्लं ते सांगतात. हल्ली फारच थोडं खाते.

एक दिवस त्या घरात चूल पेटणार नाही. देव करो, तो दिवस लांब असो. पण तो येईल तेव्हा मी मेसेज पाठवणार नाही, बोलावण्याची वाट बघणार नाही, की कामं आहेत म्हणणार नाही. विमान धरीन, त्यांच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर पिठलं-भात करीन आणि पातेलं घेऊन दारात उभा राहीन. मॅडम, हे माझ्याकडून येणं आहे तुमचं.